शेजारच्या घराला अवकळा आली असेल तर : नव्याने राहायला आलेल्यांसाठी

नव्या घरात सामान लागतं न लागतं तोच नजर शेजारी जाते. पोपडे सुटलेली भिंत, गंजलेलं फाटक, कमरेएवढं तण, गॅलरीत मोडक्या खुर्च्यांचा ढीग. घर बघायला आलो तेव्हा हे दिसलं कसं नाही, असं वाटून जातं. आपण आयुष्याची पुंजी इथे घातलेली असते, निदान काही वर्षं तरी इथेच काढायची असतात. त्यामुळे ही चिडचिड खरी आहे आणि तिच्याबद्दल लाज वाटण्याचं कारण नाही. मात्र तिच्या भरात पहिल्याच आठवड्यात शेजारची बेल वाजवू नका. पहिली भेट तक्रारीची झाली, की पुढे नुसता नमस्कार करायलाही जड जातं. खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, तो क्रम शक्यतो मोडू नका.

पहिली पायरी : बघा आणि वेगळं करा

दोन-चार आठवडे फक्त बघा. अपवाद एकच, जिवाचा धोका. लोंबकळणारी वीजतार, रस्त्यावर झुकलेला कठडा, गॅसचा वास यांत थांबायचं नाही. त्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगा आणि संबंधित यंत्रणेलाही कळवा.

बाकी जे काही खुपतंय ते तीन ढिगांत टाका. नुसतं डोळ्यांना खुपणारं, आपल्या घराचं नुकसान करणारं, आणि सगळ्यांच्याच आरोग्याला किंवा जिवाला घातक असलेलं. हे वेगळं केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण या तिन्हींसाठी आपल्या हातात असलेले उपाय फार वेगळे आहेत.

उडालेला रंग, बेढब पत्रा, न जुळणारे पडदे, वाळलेल्या कुंड्या हे पहिल्या ढिगात जातं. इथे आपला हक्क जवळजवळ काहीच नाही. इंग्लंडमध्ये १६१० साली विल्यम ऑल्ड्रेड नावाच्या माणसाने शेजाऱ्याच्या डुकरांच्या गोठ्याविरुद्ध दाद मागितली होती. दुर्गंधीची तक्रार न्यायालयाने मानली, पण त्याच निकालात असंही म्हटलं की नुसतं छान दृश्य गेलं म्हणून दावा लावता येणार नाही. चारशे वर्षांनंतरही अनेक देशांतला कायदा ढोबळमानाने याच रेषेवर उभा आहे. वास, पाणी, कीटक, धोका यांबद्दल दाद मागता येते. कुरूपपणाबद्दल सहसा नाही. घर अशा वसाहतीत असेल जिथे दर्शनी भागाचे नियम खरेदीच्या किंवा भाड्याच्या करारातच घातलेले आहेत, तर गोष्ट वेगळी. म्हणून करार आणि इमारतीचे नियम काढून एकदा शेवटपर्यंत वाचा.

दुसऱ्या ढिगात पाणी सगळ्यात वाईट. शेजारच्या छपराची पन्हळ तुंबली असेल तर पावसाचं पाणी सामाईक भिंतीत मुरतं, आणि ओल आपल्या बाजूला कपाटामागे उमटते. ते पाणी सिमेंटच्या आतल्या सळईपर्यंत पोहोचलं की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, म्हणून तो आतून दाब देतो आणि काँक्रीटचे तुकडे सुटू लागतात. फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेलं बी रुजलं असेल तर त्याची मुळं तीच फट रुंद करत जातात. रोप बोटभर असताना उपटता येतं. खोड मनगटाएवढं झालं की भिंत फोडल्याशिवाय ते निघत नाही. यात वाट बघण्यात शहाणपण नाही. ओलीचे फोटो तारखेसह काढून ठेवायला लगेच सुरुवात करा.

तिसऱ्या ढिगात डास, उंदीर, सांडपाणी, आग पकडणारी अडगळ. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तळं लागत नाही, टाकून दिलेल्या टायरमधलं किंवा बाटलीच्या झाकणातलं पाणीही पुरतं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. हा डास फार लांब उडत नाही, बहुधा जन्मला तिथून काहीशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे तुमच्या घरात चावणारा डास तुमच्या किंवा आजूबाजूच्या अंगणातलाच असण्याची शक्यता जास्त. याची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने तग धरतात. म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं. शेजाऱ्यांशी बोलताना ही एवढी माहिती फार कामाला येते, कारण मग विषय त्यांच्या आळसाचा न राहता एका बादलीचा होतो.

दुसरी पायरी : आपली नजर तपासा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच चुकतात. शिकागोच्या वस्त्यांमध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन राउडेनबुश या समाजशास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावर प्रत्यक्षात कचरा, पडझड किती आहे हे त्यांनी मोजलं आणि रहिवाशांना ती किती वाटते हेही विचारलं. वस्तीत गरीब आणि कृष्णवर्णीय लोक जितके जास्त, तितकी लोकांना बकाली जास्त ‘दिसत’ होती. प्रत्यक्ष कचऱ्यापेक्षा या गोष्टीचा प्रभाव मोठा होता.

तेव्हा स्वतःला विचारा, हीच अवस्था आपल्यासारखं बोलणाऱ्या, आपल्यासारखे कपडे घालणाऱ्या माणसाच्या घराची असती तर आपण इतके अस्वस्थ झालो असतो का? दारात वाळणारे कपडे, बाहेर ठेवलेली सायकल, रस्त्यावर उघडणारं स्वयंपाकघर हे अनेकदा दुर्लक्ष नसतं, जागेची टंचाई असते.

अंगणाचंही तसंच. काही जण गवत आणि रानफुलं मुद्दाम वाढू देतात, मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी. अमेरिकेतल्या निसर्गरचनाकार जोन नासाउअर यांनी दाखवून दिलंय की अशा रानवट बागेच्या कडेला कापलेल्या गवताचा पट्टा असेल, छोटं कुंपण असेल, एखादी स्वच्छ वाट असेल, तर लोकांना ती बाग टाकून दिलेली न वाटता जोपासलेली वाटते. तुमच्या शेजाऱ्याने बाग मुद्दाम तशी ठेवली असेल तर त्याच्याकडे मागायचं ते एवढंच, कडेचा हातभर पट्टा कापलेला ठेवा. बाकी बाग त्याची.

तिसरी पायरी : कारण शोधा

माझ्या मते सगळ्या खटाटोपातला हा सगळ्यात मोलाचा भाग. घर मुद्दाम बकाल ठेवणारी माणसं फार थोडी. बहुतेक घरांमागे काहीतरी घडलेलं असतं आणि ते कळलं की पुढचा मार्ग आपोआप बदलतो.

आधी तिथे राहणारा मालक आहे की भाडेकरू हे बघा. भाडेकरूला भिंत रंगवण्याचा बहुधा अधिकारच नसतो, आणि त्याला बोलून तुम्ही भलत्याच माणसाला दुखावता. त्याच्याकडून मालकाचा संपर्क मिळू शकतो. अनेकदा तोही त्याच गळतीने त्रासलेला असतो आणि तुमच्या बाजूने बोलतो.

घर वारसांच्या वादात अडकलेलं असेल तर तिथे कोणीच खर्च करणार नाही, कारण ज्याने पैसे घातले ते उद्या वाटणीत दुसऱ्याकडे जातील याची प्रत्येकाला धास्ती. अशा घराबाबत रंगरंगोटीची अपेक्षा सोडा. फक्त पाणी, डास आणि पडझड एवढ्यापुरता आग्रह धरा, आणि वारसांपैकी जो जवळ राहतो त्याला शोधा.

म्हातारपण हे आणखी एक कारण. पंचाहत्तरीच्या माणसाला शिडीवर चढून पन्हळ साफ करता येत नाही, आणि माणूस लावून करवून घ्यायचं म्हटलं तर कोणाला बोलवावं, तो फसवेल का, इथे सगळं अडतं. जोडीदार गेल्यावर दोन वर्षं बागेकडे बघवलं नाही, असं सांगणारी माणसं असतात. नोकरी गेलेली असते, घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं. या गोष्टी कोणी फाटकावर लिहून लावत नाही. वस्तीतले जुने रहिवासी सांगतील, पण विचारताना ‘ते घर असं का ठेवलंय’ असं विचारू नका. ‘त्या घरात कोण राहतं, बरे असतात ना ते?’ असं विचारा. उत्तर वेगळं मिळतं, आणि तुमचा प्रश्न त्यांच्या कानावर गेला तरी वाईट दिसत नाही.

एक कारण मात्र वेगळंच हाताळावं लागतं. घराच्या खिडक्यांपर्यंत वर्तमानपत्रं, डबे, पिशव्या रचलेल्या असतील आणि चालायला फक्त एक वाट उरली असेल, तर तो साठवणुकीचा मानसिक विकार असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ पासून त्याला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली आहे. अशा माणसाचं घर त्याच्या मनाविरुद्ध रिकामं केलं तर त्याला जबर धक्का बसतो आणि उपचार झाले नाहीत तर अडगळ बहुधा पुन्हा साठते. इथे सफाईच्या मोहिमा काढू नका. त्या माणसाच्या नातेवाइकांना गाठा, आरोग्य कर्मचाऱ्याला किंवा समाजसेवकाला सांगा. आगीचा धोका दिसत असेल तर अग्निशमन दलाचा सल्ला घ्या. आणि त्या घराचे फोटो कुठल्याही गटावर टाकू नका. आजारी माणसाची ही विटंबना आहे.

चौथी पायरी : तक्रारीआधी ओळख

थोडक्यात सांगण्यासारखी गोष्ट आहे. नाव सांगा, नाव विचारा, येता-जाता बोला. कचरा कधी नेतात, पाणी कधी येतं, सुतार कोण चांगला, असं काहीतरी त्यांनाच विचारा. नव्याने आलेल्या माणसाला हे विचारण्याची मुभा असते आणि सल्ला देणाऱ्यालाही बरं वाटतं. चार-पाच वेळा असं बोलणं झालं की मूळ विषयाला हात घालता येतो.

पाचवी पायरी : एकच मागणी, तोंडी

समोरासमोर बोला. दारात अडकवलेली निनावी चिठ्ठी सर्वांत वाईट, कारण ती वाचणारा पुढे महिनाभर प्रत्येक शेजाऱ्याकडे संशयाने बघतो. फोनवरच्या संदेशाला आवाजाचा सूर नसतो, त्यामुळे साधं वाक्यही टोचतं. वेळ अशी निवडा की त्यांना घाई नाही, घरात पाहुणे नाहीत आणि तुम्ही स्वतः शांत आहात.

मागणी एकच ठेवा. तुमच्या यादीत सात गोष्टी असतील, त्यांतली जी नुकसान किंवा धोका करणारी आहे आणि एका दिवसात होण्यासारखी आहे, तिच्यापासून सुरुवात करा. बाकी सहांचा त्या दिवशी उल्लेखही नको.

बोलणं साधारण असं असावं :

‘काकू, पावसात आमच्या मागच्या भिंतीवर ओल येतेय. तुमच्या पन्हळीत पानं अडकली असावीत असं वाटतंय, पण मला इथून नीट दिसत नाही. एकदा दोघांनी मिळून बघू या का?’

किंवा : ‘दादा, मागच्या अंगणातल्या त्या टायरमध्ये पाणी साठतंय. घरात लहान मूल आहे, म्हणून डासांची काळजी वाटते. ते टायर हवे आहेत का तुम्हाला? नको असतील तर रविवारी मी न्यायची व्यवस्था करतो.’

दोन्हींत काय घडतंय ते पाहा. आपल्याला होणारा त्रास सांगितलाय, समोरच्याच्या स्वभावावर शब्द नाही, आणि पुढचं पाऊल दोघांचं आहे. याउलट ‘सगळ्यांचंच म्हणणं आहे’ हे वाक्य कधीही वापरू नका. ते खरं असलं तरी समोरच्याला एवढंच ऐकू येतं की आपल्या पाठीमागे वस्तीत चर्चा चालते. ‘घरांच्या किमती पडतात’ हेही टाळा. जो माणूस तिथे तीस वर्षं राहतोय आणि घर विकणार नाही, त्याला हे वाक्य अपमानाचं वाटतं.

समोरून ‘बघतो’ असं उत्तर आलं तर दिवस ठरवून घ्या, हळुवारपणे. ‘पुढच्या रविवारी येऊ का?’ एवढं पुरे. रागाने उत्तर आलं तर त्या दिवशी माघार घ्या. ‘ठीक आहे, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता’ म्हणून निघा आणि आठवडाभराने पुन्हा नेहमीसारखं बोला. पहिल्या रागातून बरीच माणसं स्वतःच बाहेर येतात, फक्त त्यांना तेवढी जागा द्यावी लागते.

सहावी पायरी : हात द्या, पण विचारून

पैशाचं किंवा अंगमेहनतीचं कारण असेल तर मदत हाच सगळ्यात जलद उपाय आहे. तुमच्या घराला रंग चालू असेल आणि परांची उभीच असेल, तर शेजारची लागून असलेली भिंत त्याच कारागिराकडून करून घेणं वेगळ्याने करण्यापेक्षा स्वस्त पडतं. त्यांना ही संधी कळवा, खर्चाचा आकडा स्पष्ट सांगा आणि नाही म्हणण्याची मोकळीक द्या. तण काढायला माणूस लावताय तर तासभर जास्त लावा. मदत करून झाल्यावर ती चारचौघांत सांगत फिरू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते दार उघडणार नाहीत.

त्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, चांगल्या हेतूनेही नाही. तुम्हाला वाळकं वाटणारं झाड त्यांच्या आईने लावलेलं असू शकतं. आपल्या बाजूला आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत छाटण्याची मुभा अनेक ठिकाणी असते, पण झाडतोडीचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेव्हा आधी चौकशी करा आणि छाटण्याआधी शेजाऱ्यांना सांगा.

जुन्या घराला हात लावताना दोन धोके लक्षात ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली तीच १९७८ मध्ये, आणि कित्येक देशांत त्याहून उशिरा. असा रंग कोरडा घासला की धूळ उडते आणि ती लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते. रंग ओला करून खरवडा, मुलांना लांब ठेवा, किंवा जाणकाराला बोलवा. दुसरा धोका ॲस्बेस्टॉसच्या जुन्या पत्र्यांचा. ते फोडू नका, कापू नका, भोकं पाडू नका. त्यांचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. उत्साहाने एका रविवारी सफाई करायला निघालेल्या लोकांकडून हीच चूक होते.

सातवी पायरी : लेखी आणि मग वरती

दोन-तीनदा बोलूनही काही हललं नाही आणि प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या ढिगातला असेल, तरच इथे या. आधी शेजाऱ्यालाच सभ्य पत्र द्या. काय होतंय, कधीपासून, कुठे, कधी बोलणं झालं, काय अपेक्षा आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत. सोबत फोटो. एक प्रत स्वतःकडे ठेवा.

पुढे इमारतीची समिती किंवा वसाहतीचं व्यवस्थापन, आणि त्यानंतर स्थानिक प्रशासन. प्रशासनाकडे जाताना ‘घर घाणेरडं आहे’ असं लिहिलं तर अर्ज पडून राहतो. ‘या ठिकाणी साठलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत’, ‘कठड्याचे तुकडे वाटेवर पडतात’, ‘सांडपाण्याचं झाकण उघडं आहे’ असं लिहा. आरोग्य, बांधकाम, अग्निशमन, जलनिस्सारण यांपैकी नेमक्या कोणत्या विभागाचं हे काम आहे ते आधी शोधा. मध्यस्थीची सोय असेल तर न्यायालयापूर्वी ती वापरून बघा, कारण खटल्याचा निकाल लागला तरी शेजारी तिथेच राहणार आहे.

लेखी तक्रारीची किंमत आपल्यालाही मोजावी लागते, हेही ध्यानात घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये घर विकताना भरायच्या माहितीपत्रकात शेजाऱ्यांशी झालेल्या वादांची माहिती विचारतात. आपल्या ठिकाणी असं काही आहे का ते तक्रार नोंदवण्याआधी विचारून घ्या.

घर रिकामंच असेल तर

बोलायलाच कोणी नसतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मालकाचा शोध हेच काम. मालमत्तेच्या नोंदी, कराच्या नोंदी, जुने शेजारी, कधीतरी येणारा किल्लीधारक. मालक सापडला की दूर राहणाऱ्या माणसाला खरोखर उपयोगी अशी मदत देऊ करा, म्हणजे पाऊस झाल्यावर फोटो पाठवणं, त्यांच्या खर्चाने येणाऱ्या मजुराला दार दाखवणं.

अशा जागा साफ होण्याचा परिणाम मोजला गेला आहे. फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी ५४१ ओसाड भूखंड घेतले. त्यांतल्या काहींवरचा कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली, भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं. काही भूखंड तुलनेसाठी तसेच ठेवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेलं आढळलं. मालकाला किंवा प्रशासनाला पटवताना हे सांगा. खर्चिक काहीच नव्हतं त्यात.

आपल्या हद्दीत

सगळं करूनही शेजारची भिंत तशीच राहू शकते. तेव्हा आपल्या हातात उरतं ते आपलं अंगण आणि सामाईक वाट, आणि ते कमी नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकली लावायच्या गल्लीत प्रत्येक सायकलीला एक पत्रक अडकवलं होतं. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी ते पत्रक तिथेच टाकलं. त्याच भिंतीवर रंगाने गिरबटून ठेवल्यावर टाकणाऱ्यांचं प्रमाण ६९ टक्क्यांवर गेलं. सामाईक जिना, फाटकाबाहेरची पट्टी, कचऱ्याच्या डब्याभोवतीची जागा स्वच्छ ठेवण्याचं काम कोणाचं यावर वाद न घालता तुम्ही सुरू करा, आणि ज्या दिवशी शेजाऱ्याने स्वतःहून एखादी गोष्ट नीट केली त्या दिवशी ती लक्षात आल्याचं सांगा.

नजरेचा त्रास कमी करायला वेल उत्तम. मात्र तो सामाईक भिंतीवर चढवू नका. तिथे ओल धरते आणि उद्या शेजाऱ्याचीच तक्रार येईल. आपल्या हद्दीत, भिंतीपासून हातभर अंतर सोडून जाळी उभी करा, म्हणजे मागे झाडू फिरवता येईल आणि भिंत वाळत राहील. खिडकी थेट त्या घराकडे उघडत असेल तर बसण्याची जागा दुसऱ्या बाजूला वळवा आणि त्या खिडकीला अर्ध्या उंचीचा पातळ पडदा लावा, वरून उजेड आणि आभाळ येऊ द्या.